विनातयारीचं लाइव्ह कोडिंग बघून वेब डेव्हलपमेंट शिकताना व्हिडिओ नेमका कुठे थांबवायचा?

अर्धविराम

वेब डेव्हलपमेंट शिकवणारे बरेचसे व्हिडिओ आधी पूर्ण झालेल्या कोडवरून बनतात. कोड लिहून, चालवून, तपासून ठेवलेला असतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तोच पुन्हा टाइप होतो. त्यातूनही काही चुकलंच, तर संपादनात ते कापलं जातं. हा धागा दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. अनुभवी माणूस एडिटर उघडतो, आज काय करायचंय ते सांगतो आणि दोन-तीन तास सलग काम करतो. पॅकेज बसत नाही, पान कोरं दिसतं, डॉक्युमेंटेशनचं भलतंच पान वाचण्यात दहा मिनिटं जातात, आणि हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहतं.

या व्हिडिओंमधलं खरं मोलाचं काय, तर एरर दिसल्यापासून ती सुटेपर्यंतची मिनिटं. तयार कोड कुठेही वाचायला मिळतो. पण 'अनडिफाइंडवर मॅप चालत नाही' (यादीच्या जागी काहीच आलेलं नाही) असा लाल मजकूर आल्यावर अनुभवी माणूस आधी कुठे बघतो, कोणती शंका आधी तपासतो आणि कोणती बाजूला ठेवतो, हे लिखित स्वरूपात क्वचितच सापडतं.

म्हणून माझी पद्धत अशी सुचवेन. व्हिडिओ दोनदा बघायचा. पहिल्यांदा दीडपट वेगानं, काहीही टाइप न करता. या फेरीत फक्त वेळ टिपायची: एरर कुठे आली, ती कधी सुटली, बेत कुठे बदलला. तीन तासांच्या व्हिडिओत अशा पाच-सहा जागा मिळाल्या तरी पुष्कळ. दुसऱ्या फेरीत फक्त त्याच जागा बघायच्या. एरर पडद्यावर आली की लगेच थांबवायचं आणि तीन गोष्टी लिहून काढायच्या: एररचा अर्थ आपल्या शब्दांत, कारणाबद्दलचा आपला अंदाज, आणि तो अंदाज खरा की खोटा हे एका कृतीत कसं कळेल. मग व्हिडिओ पुढे न्यायचा.

तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. 'स्टेटमध्ये (ॲपनं लक्षात ठेवलेल्या डेटात) काहीतरी गडबड आहे' हा अंदाज नव्हे, कारण तो तपासता येत नाही. 'पहिल्या रेंडरच्या (पडद्यावर काढण्याच्या) वेळी यादी अजून आलेली नाही, म्हणून मॅप कोसळतोय. मॅपच्या आधी यादी कन्सोलला छापली तर आधी अनडिफाइंड दिसेल' हा अंदाज. तो चुकला तरी चालतो, कारण कुठे चुकला ते लगेच कळतं.

यूट्यूबवर हे करायला माउस लागत नाही. के दाबलं की थांबतं, जे दाबलं की दहा सेकंद मागे, एल दाबलं की दहा सेकंद पुढे. थांबलेल्या अवस्थेत स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतं. टर्मिनलमधला मजकूर भर्रकन वर निघून जातो तेव्हा याचा फार उपयोग होतो. ट्रान्सक्रिप्ट असेल तर त्यात 'व्हाय', 'वेट', 'वीअर्ड' असे शब्द शोधा. इंग्रजीत बोलणारा अडकला की हेच शब्द तोंडून निघतात, त्यामुळे अडचणीच्या जागा पटकन हाती लागतात.

रिकामी_रांग

पद्धत पटली. पण एक अडथळा दुसऱ्या फेरीच्याही आधी येतो: व्हिडिओतला कोड आपल्या मशीनवर चालतच नाही. नवशिक्याला वाटतं, आपणच काहीतरी चुकीचं टाइप केलं. बहुतेक वेळा दोष व्हर्जनचा असतो. नेहमी भेटणाऱ्या जागा देते.

रिॲक्ट ही पानं कंपोनंट नावाच्या तुकड्यांतून बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, आणि रिॲक्ट राउटर त्यात पत्त्यानुसार पान दाखवतं. त्याची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. त्याआधीच्या व्हिडिओत 'स्विच' आणि 'यूझहिस्टरी' दिसतील. आता तिथे 'राउट्स' आणि 'यूझनॅव्हिगेट' आहेत, आणि राउटला 'कंपोनंट' ऐवजी 'एलिमेंट' द्यावं लागतं.

रिॲक्ट १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ नंतर, स्ट्रिक्ट मोड (चुका उघड करणारी कडक तपासणी) चालू असेल तर डेव्हलपमेंटमध्ये कंपोनंट बसल्यावर इफेक्ट (तेव्हा आपोआप चालणारं फंक्शन) दोनदा चालतो. व्हिडिओत एकच रिक्वेस्ट जाते, तुमच्याकडे दोन जातात. हा बग नाही. इफेक्टची सफाई नीट लिहिली आहे का, हे उघड व्हावं म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे. स्ट्रिक्ट मोड काढून टाकणं हा उपाय नव्हे.

टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कची चौथी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. जुन्या व्हिडिओतली 'इनिट' ही कमांड त्यात चालत नाही, चालवण्याजोगी फाइलच सापडत नाही असं उत्तर येतं. व्हिडिओबरोबर जायचं असेल तर इन्स्टॉल करतानाच टेलविंड@३ असं लिहा.

एक्सप्रेस (सर्व्हर लिहायची लायब्ररी) ५ मध्ये 'बाकी सगळे पत्ते' यासाठी नुसती चांदणी (*) चालत नाही, तिला नाव द्यावं लागतं. 'पॅरामीटरचं नाव नाही' अशी एरर आली की हेच कारण. मंगूस (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) ७ मध्ये फाइंड, सेव्ह वगैरेंना कॉलबॅक देणं बंद झालं, तिथे अवेट वापरावं लागतं. आणि नवा रिॲक्ट प्रोजेक्ट उभा करणारं क्रिएट रिॲक्ट ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघालं. व्हिडिओ त्यानं सुरू होत असेल तर प्रोजेक्ट वीट या बिल्ड टूलमध्ये बनवा आणि पुढचं बघत जा. फरक मुख्यतः दोन जागी जाणवतो. जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं एचटीएमएलसारखं मार्कअप) असलेल्या फाइलचं एक्स्टेंशन जेएसएक्स ठेवावं लागतं, आणि एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलची सुरुवात 'वीट' आणि अंडरस्कोअरनं, इंग्रजी कॅपिटलमध्ये करावी लागते. अशा नावाचं प्रत्येक व्हेरिएबल बिल्डमध्ये जाऊन ब्राउझरपर्यंत पोहोचतं, त्यामुळे गुप्त की तिथे कधीही ठेवू नका.

यातलं प्रत्येक पाठ करायची गरज नाही. पॅकेज बसवणाऱ्या एनपीएम इन्स्टॉलला 'बिफोर' नावाचा पर्याय आहे. त्याला व्हिडिओची तारीख द्या. त्या तारखेपर्यंत उपलब्ध असलेल्याच आवृत्त्या बसवल्या जातात. ही सोय फारशी कोणाला ठाऊक नसते आणि तिनं डोकेदुखी निम्म्यावर येते. मात्र फोल्डरमध्ये आधीची लॉकफाइल (बसलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) आणि नोड मॉड्यूल्स (बसवलेली पॅकेजं) नसावीत.

व्हिडिओचा रेपो (गिटमध्ये इतिहासासकट ठेवलेला कोड) उपलब्ध असेल आणि त्यात लॉकफाइल असेल तर त्याहून सोपं. 'एनपीएम इन्स्टॉल' न करता 'एनपीएम सीआय' चालवा. ती कमांड लॉकफाइलमधल्या आवृत्त्या तंतोतंत बसवते. पॅकेज फाइलमध्ये आवृत्तीच्या आधी ^ असेल तर मधला आणि शेवटचा आकडा वाढू शकतो, ~ असेल तर फक्त शेवटचा. म्हणजे नुसती पॅकेज फाइल उतरवून घेतली तर व्हिडिओतल्याच आवृत्त्या मिळतील असं नाही.

कोरा_टॅब

अगदी वेळेवर आलेला धागा. दोन प्रश्न आहेत. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख आहे, रिॲक्ट येत नाही. अशा अवस्थेत हे व्हिडिओ बघावेत का? आणि २०२० चा एक व्हिडिओ चालवताना 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' अशी एरर येतेय. यात एनक्रिप्शनचा संबंध कुठून आला?

रिकामी_रांग

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, त्यात आवृत्ती १७ पासून ओपनएसएसएल ३ ही एनक्रिप्शनची लायब्ररी आली. तिच्यात एमडी४ हा जुना हॅश (मजकुरावरून ठसा काढायची पद्धत) नेहमीच्या यादीतून काढून वेगळ्या, जुन्या यादीत टाकला. फाइली एकत्र बांधणारं वेबपॅक ४ फाइलींची ओळख पटवायला हाच एमडी४ वापरतं. म्हणून बिल्ड सुरू होताच कोसळतो. तुमच्या कोडशी याचा काहीही संबंध नाही.

उपाय दोन. नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या एनव्हीएमनं नोड १६ बसवा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एनव्हीएमआरसी फाइलीत १६ लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा त्या फोल्डरमध्ये आल्यावर 'एनव्हीएम यूझ' पुरतं. किंवा नोडला 'ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर' हा पर्याय द्या. शिकण्यापुरतं पहिला उपाय बरा, कारण त्या काळातली बाकीची पॅकेजंही नोड १६ वर सुरळीत चालतात. मात्र नोड १६ ला सप्टेंबर २०२३ पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, तेव्हा ते आपल्या मशीनपुरतंच ठेवा, सर्व्हरवर चढवू नका.

अर्धविराम

पहिल्या प्रश्नाबद्दल. रिॲक्ट येत नसेल तरी चालेल, पण चार गोष्टी येत नसतील तर असे व्हिडिओ नुसतेच डोळ्यांसमोरून जातात. फंक्शन व्हॅल्यू म्हणून दुसऱ्या फंक्शनला देता येतं हे कळणं. प्रॉमिस आणि अवेट. ॲरेवरचे मॅप आणि फिल्टर. आणि एचटीटीपी रिक्वेस्टमध्ये मेथड, हेडर, बॉडी, स्टेटस कोड म्हणजे काय. यातलं प्रॉमिस कच्चं असेल तर आधी तेच पक्कं करा. लाइव्ह कोडिंगमधल्या अर्ध्याअधिक गोंधळाचं मूळ तिथेच असतं: अवेट राहिला म्हणून डेटाच्या जागी 'प्रॉमिस पेंडिंग' छापलं जातं; फॉरईचमध्ये असिंक फंक्शन दिलं म्हणून लूप वाट न बघता पुढे जातो, तिथे फॉर-ऑफ हवा असतो; किंवा ४०४ आला तरी फेच एरर फेकत नाही, कारण फेच नापास होतो तो उत्तर हाती आलंच नाही तर, उदाहरणार्थ नेटवर्क तुटलं तर. रिस्पॉन्सचं 'ओके' आपणच तपासायचं असतं.

या तीन चुका व्हिडिओत दिसल्या की न थांबवता ओळखता आल्या पाहिजेत. तिथवर पोहोचलात की रिॲक्ट बघता बघता उमजतं.

उलटा_कंस

अर्धविराम म्हणतात ती 'एरर ते उत्तर' ही मिनिटं कशी वाचायची, याचं एक पूर्ण उदाहरण देतो. सीओआरएस, म्हणजे 'कॉर्स': एका ओरिजिनच्या (प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून होणाऱ्या पत्त्याच्या) पानाला दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचू द्यायचं का, हे सर्व्हरनं हेडरमधून ब्राउझरला सांगण्याची पद्धत. फ्रंटएंड आणि एपीआय वेगळे असलेल्या जवळजवळ प्रत्येक लाइव्ह कोडिंगमध्ये ही एरर येते, आणि घाईघाईनं सुटते.

परिस्थिती अशी. वीटचा सर्व्हर लोकलहोस्ट ५१७३ वर, एपीआय ३००० वर. वीटच्या जुन्या व्हिडिओत फ्रंटएंडच ३००० वर दिसेल, कारण ५१७३ हा आकडा वीट ३ पासून, २०२२ मध्ये आला. पोर्ट वेगळा म्हणजे ओरिजिन वेगळा. ब्राउझर उत्तर अडवतो आणि कन्सोलमध्ये लाल ओळ येते.

इथे थांबवा आणि अंदाज लिहा. बहुतेक जण लिहितील, 'सर्व्हरवर कॉर्स चालू नाही.' कधी कधी ते खरं असतं. पण कॉर्सची अशी लाल ओळ निदान चार वेगळ्या कारणांनी येते.

एक, सर्व्हर परवानगीचा हेडर पाठवतच नाही. दोन, पाठवतो, पण चांदणी पाठवतो आणि फ्रंटएंडवर फेचला 'क्रेडेन्शियल्स इन्क्लूड' दिलेलं आहे. कुकीसकट रिक्वेस्टला चांदणी चालत नाही. ओरिजिन नेमका लिहावा लागतो आणि क्रेडेन्शियल्सची परवानगी देणारा वेगळा हेडरही लागतो. तीन, प्रीफ्लाइट नापास होतो. जेसन पाठवलं किंवा ऑथरायझेशन हेडर लावला की ब्राउझर खऱ्या रिक्वेस्टआधी ऑप्शन्स मेथडनं विचारणा करतो. त्या विचारणेत टोकन नसतं. सर्व्हरवर लॉगिन तपासणारं मिडलवेअर (रिक्वेस्टवर मध्येच चालणारा कोड) कॉर्सच्या आधी लावलेलं असेल तर ते विचारणेलाच ४०१ देऊन परत पाठवतं. एक्सप्रेसमध्ये क्रम बदलला, कॉर्स वर घेतलं, की प्रश्न मिटतो. चार, कॉर्स बरोबर आहे, पण सर्व्हरच कोसळलाय किंवा मधल्या प्रॉक्सीनं ५०२ दिलाय. त्या उत्तरावर हेडर नसतो, म्हणून ब्राउझर कॉर्सचीच तक्रार करतो आणि खरी एरर सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये पडून राहते. एनजिनएक्स या प्रॉक्सीचंही काम करणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये ॲड हेडर या सूचनेपुढे 'ऑलवेज' लिहिलं नसेल तर ४०० आणि ५०० च्या घरातल्या उत्तरांना हेडर लागतच नाही, तिथेही हेच दिसतं.

आता व्हिडिओ पुढे न्या आणि बोलणारा या चारपैकी कोणतं कारण आहे हे *कसं ठरवतो* ते बघा. चांगला माणूस कन्सोल सोडून नेटवर्क टॅब उघडेल, ऑप्शन्सची रिक्वेस्ट गेली का, तिचा स्टेटस काय आणि उत्तरात कोणते हेडर आले ते बघेल. मग सर्व्हरचं टर्मिनल बघेल. दोन क्लिकमध्ये चारातली तीन कारणं बाद होतात. कर्ल किंवा पोस्टमनमधून तीच रिक्वेस्ट चालतेय असं कोणी दाखवत असेल तर लक्षात घ्या, तिथे कॉर्स नसतंच. ही अडवणूक ब्राउझर करतो. त्या चाचणीनं सर्व्हर जिवंत आहे इतकंच सिद्ध होतं.

जाता जाता: फ्रंटएंड लोकलहोस्टवर आणि एपीआय १२७.०.०.१ वर असं मिसळलं तर लॉगिनच्या कुकी जात नाहीत. ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या साइट आहेत. लोकलहोस्टवरचे दोन वेगळे पोर्ट मात्र एकच साइट धरले जातात.

संथ_धार

वरचं सगळं मान्य, तरी एक इशारा द्यावासा वाटतो. लाइव्ह कोडिंगमध्ये वेळेचा आणि चॅटचा दबाव असतो. त्या दबावाखाली माणूस जे करतो ते नवशिक्या 'व्यावसायिक लोक असंच करतात' म्हणून उचलतो. मला यातला धोका खरा वाटतो.

नेमकं कुठे सावध राहायचं ते सांगतो. एसक्यूएल क्वेरीत व्हेरिएबल थेट चिकटवलेलं दिसलं तर तिथेच थांबवा आणि आपल्या प्रतीत प्लेसहोल्डर (किंमत वेगळी देण्याची खूण) वापरून लिहा. वापरकर्त्याकडून आलेला मजकूर इनर-एचटीएमएलमध्ये टाकलेला दिसला तर त्याजागी टेक्स्ट-कंटेंट. कॉर्सचं उत्तर म्हणून चांदणी टाकून पुढे गेलेलं दिसलं तर त्याजागी नेमका ओरिजिन. टाइपस्क्रिप्टमध्ये लाल रेघ घालवायला 'एनी' (कोणताही टाइप चालेल) लिहिलं तर खरा टाइप काय असायला हवा ते शोधा, तो उत्तम सराव आहे. क्लिकसाठी डिव वापरलेला दिसला तर बटण करा, नाहीतर ते कीबोर्डनं वापरता येणार नाही आणि स्क्रीन रीडरला कळणार नाही. लेबल नसलेली इनपुट तर अशा व्हिडिओत सर्रास दिसतात.

टेस्ट बहुधा लिहिल्याच जात नाहीत. म्हणून आणखी एक सराव सुचवतो: व्हिडिओत सुटलेल्या प्रत्येक बगसाठी एक छोटी टेस्ट लिहायची. दुरुस्तीआधीच्या कोडवर ती नापास व्हायला हवी आणि नंतरच्या कोडवर पास. आधीच्या कोडवरही पास होत असेल तर बग नेमका काय होता हे आपल्याला कळलेलंच नाही.

आणि गुप्त की. कधी कधी ती ठेवलेली एन्व्ह फाइल चुकून पडद्यावर उघडते. मुरलेला माणूस लगेच त्या सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन ती की रद्द करतो आणि नवी घेतो, फाइल झाकण्यात वेळ घालवत नाही. तुमच्या रेपोत की कमिट झाली तरी हाच क्रम ठेवा. पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी जुन्या इतिहासात ती राहतेच.

अर्धविराम

संथ_धार, पूर्ण सहमत. विशेषतः टेस्टचा मुद्दा माझ्या पद्धतीत नव्हता, तो हवाच. 'आधी नापास, नंतर पास' ही अट कोणी गाळू नये.

एकाच ठिकाणी वेगळं मत आहे. घाईत केलेल्या तडजोडी बघणंही उपयोगाचं असतं, जर बोलणारा ती तडजोड बोलून दाखवत असेल तर. 'हे आत्ता असंच ठेवतो, कारण डेटा पन्नास ओळींचा आहे, वाढला की पेजिनेशन लागेल' हे वाक्य ऐकणं म्हणजे निर्णय कसा घेतला जातो ते ऐकणं. व्हिडिओ निवडताना मी आधी हेच बघेन: माणूस मनातलं मोठ्यानं बोलतो का? मुकाट्यानं टाइप करणारा कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून शिकणं अवघड जातं. मधलीच कुठलीही पाच मिनिटं लावून बघा, लगेच कळतं.

उभी_रेघ

सीएसएसबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून. खरं तर विनातयारीच्या व्हिडिओंचा सर्वांत जास्त फायदा सीएसएसमध्ये होतो, कारण इथे एररच येत नाही. पान फक्त चुकीचं दिसतं. त्यामुळे अनुभवी माणूस काय करतो हे बघण्यावाचून शिकायला फारशी दुसरी वाट नाही.

तीन प्रसंग वारंवार येतात. फ्लेक्सच्या आतला लांबलचक मजकूर डबा फाडून बाहेर जातो, एलिप्सिस (उरलेल्या मजकुराजागी तीन टिंबं) लावलं तरी. कारण फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदी मुळात 'ऑटो' असते, म्हणजे तो आतल्या मजकुरापेक्षा आक्रसायला तयार नसतो. मिन-विड्थ शून्य दिलं की सुटतं. दुसरा: पोझिशन स्टिकी चिकटतच नाही. वरच्या कुठल्या तरी पालकावर ओव्हरफ्लो हिडन किंवा ऑटो असतं, आणि स्टिकी त्या पालकाच्या हिशेबानं चालतो. किंवा टॉप द्यायचाच राहिलेला असतो. तिसरा: झेड-इंडेक्स ९९९९ देऊनही मोडल खालीच. पालकावर ट्रान्सफॉर्म किंवा एकापेक्षा कमी ओपॅसिटी असली की नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट तयार होतो आणि आतला आकडा फक्त त्या पालकाच्या आतच मोजला जातो. आकडा वाढवून काहीही होत नाही. मोडल त्या पालकाच्या बाहेर काढा, किंवा डायलॉग हा मूळ घटक वापरून शोमोडलनं उघडा, तो सगळ्यांच्या वरच्या थरात जातो.

बघताना हात कुठे जातात त्याकडे लक्ष द्या. जाणकार माणूस एडिटरमध्ये आकडे बदलत बसत नाही. डेव्हटूल्समध्ये घटक निवडतो, कम्प्युटेड टॅबमध्ये खरी किंमत बघतो, मग पालकांच्या साखळीत एकेक वर चढत नियमांसमोरची खूण काढतो आणि दृश्य कधी बदलतं ते बघतो. थांबवून आधी तुमच्या प्रतीत हेच करा. कोणत्या पालकावर बोट ठेवायचं ते सापडलं, की मगच व्हिडिओ पुढे.

तळमजला

थोडं खोलात जायची तयारी असणाऱ्यांसाठी. अँड्रियास क्लिंग यांनी २०१८ मध्ये सेरेनिटी ओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली, त्यातला ब्राउझर पुढे लेडीबर्ड म्हणून २०२४ मध्ये वेगळा प्रकल्प झाला. त्यांचे यूट्यूबवरचे ब्राउझर दुरुस्तीचे व्हिडिओ बघा. भाषा सी++ आहे, ती येत नसली तरी हरकत नाही, कारण बघायचा आहे तो क्रम. एखादं पान चुकीचं दिसतंय. ते पान कापत कापत पाच-दहा ओळींच्या एचटीएमएलवर आणायचं, जिथे बिघाड अजूनही दिसतो. मग त्या गुणधर्माचं स्पेसिफिकेशन उघडायचं, पायरी क्रमांक वाचायचा आणि कोड त्या पायरीशी ताडून बघायचा.

यातली पहिली पायरी, बिघाड लहान करणं, वेब डेव्हलपरला रोज लागते. कंपोनंट काढत जा, प्रॉप्स काढत जा, खऱ्या डेटाच्या जागी दोन ओळींचा हाताने लिहिलेला डेटा ठेवा. बिघाड ज्या क्षणी नाहीसा होतो, त्या क्षणी काढलेली शेवटची गोष्ट संशयित.

जावास्क्रिप्टमध्येच राहायचं असेल तर डॅनियल शिफमन यांची कोडिंग ट्रेन ही मालिका सोपी आहे. ती पी५ या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर आहे, चित्रं आणि हालचाल यांबद्दल, त्यामुळे चूक झाली की ती पडद्यावर डोळ्यांना दिसते. त्यांच्याही चुका आणि शोधाशोध बऱ्याचदा व्हिडिओत ठेवलेली असते.

कोरा_टॅब

नोड १६ वर चाललं, धन्यवाद! आता आणखी एक विचारतो. ज्या मालिकेचा पाठपुरावा करायचाय तिचे पस्तीसेक भाग आहेत आणि प्रत्येक भाग दोन-अडीच तासांचा. रेपो उपलब्ध आहे, पण तो आता बराच पुढे गेलेला आहे. पहिल्यापासून सगळं बघायचं का? आणि लाइव्ह चालू असताना बघणं बरं की रेकॉर्डिंग?

अर्धविराम

पहिल्यापासून नको. पहिले दोन-तीन भाग बहुधा प्रोजेक्ट उभा करण्यात जातात: लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन), फोल्डर, डेटाबेसची जोडणी. ते प्रोजेक्टगणिक बदलतं. चालू प्रोजेक्टमध्ये एखादी नवी सोय जोडली जाते असा मधला भाग निवडा. लॉगिन, फाइल अपलोड, शोध, पैसे भरणं, यातलं काहीही. नोकरीत नव्या माणसाच्या वाट्याला येणारं काम याच जातीचं असतं, दुसऱ्यानं लिहिलेल्या कोडमध्ये शिरून भर घालण्याचं.

रेपो त्या दिवसापर्यंत मागे न्यायला गिट रेव्ह-लिस्टला 'बिफोर' आणि भागाची तारीख द्या, उणे एक द्या म्हणजे एकच कमिट मिळेल, आणि ब्रँचचं नाव. आलेला हॅश चेकआउट करून तिथून स्वतःची ब्रँच काढा. रेव्ह-लिस्ट कमिटच्या तारखा बघतं, आणि रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) झाल्यावर त्या बदलतात. म्हणून भाग सुरू होताना पडद्यावर दिसणाऱ्या एखाद्या फाइलीशी आपली फाइल ताडून बघा. जुळली नाही तर एक-दोन कमिट मागे-पुढे सरका.

मग एनपीएम सीआय, प्रोजेक्ट चालतोय याची खात्री, आणि आता व्हिडिओ. पण लगेच बघू नका. भागाच्या सुरुवातीला आज काय करायचं ते सांगतात, तेवढं ऐका आणि थांबवा. कोणत्या फाइली बदलाव्या लागतील त्याची यादी लिहा. मग भागाच्या शेवटच्या कमिटशी गिट डिफ करून फक्त फाइलींची नावं बघा, डिफमधला मजकूर नाही. यादीत न सुचलेली फाइल दिसली की ती का लागली असेल, हा प्रश्न घेऊन व्हिडिओत शिरा. नुसतं बघणं आणि शोधत बघणं यातला फरक इथे लख्ख जाणवतो.

रिकामी_रांग

लाइव्ह की रेकॉर्डिंग: शिकायला रेकॉर्डिंग, विचारायला लाइव्ह. लाइव्हमध्ये थांबवून अंदाज लिहायला बसलात तर गप्पा पुढे निघून जातात. शिवाय चॅटमधून उत्तरं ओरडली जातात, त्यामुळे आपला अंदाज करायच्या आधीच उत्तर डोळ्यांवर पडतं. लाइव्ह बघायचंच तर चॅट झाकून ठेवा.

प्रश्न विचारताना 'हे का केलं?' इतकंच लिहिलं तर 'हे' म्हणजे काय ते कळत नाही, कारण चित्र तुमच्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतं आणि बोलणारा तोवर दुसऱ्या फाइलीत गेलेला असतो. फाइलीचं आणि फंक्शनचं नाव लिहा, आणि पर्याय सुचवून विचारा: 'ऑर्डरच्या फाइलीत टोटल स्टेटमध्ये का ठेवली, आयटमवरून दर वेळी काढली असती तर?' अशा प्रश्नाला सविस्तर उत्तर मिळतं.

ट्विच या लाइव्ह प्रक्षेपणाच्या साइटवरची रेकॉर्डिंग ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसली जातात. मालिका पुढे कधी तरी बघायची असेल तर तिची प्रत यूट्यूबवर चढवली जाते का ते आधी बघून घ्या.

संथ_धार

कोरा_टॅब, टिपणं ठेवायची असतील तर प्रत्येक अडचणीला चार ओळी पुरतात: एररचा मूळ मजकूर जसाच्या तसा, खरं कारण, ते कोणत्या तपासणीनं कळलं, आणि आपला अंदाज काय होता. मूळ मजकूर इंग्रजीतच आणि पूर्ण ठेवा, कारण पुढे शोधताना तोच उपयोगी पडतो. फाइलींचे मार्ग आणि ओळ क्रमांक मात्र त्यातून काढा. ही फाइल प्रोजेक्टच्या रेपोत न ठेवता वेगळ्या रेपोत ठेवा, म्हणजे प्रोजेक्ट फेकून दिला तरी ती राहते.

उलटा_कंस

त्यात पाचवी ओळ घाला: दुरुस्तीच्या कमिटचा हॅश. महिन्याभरानं ती एरर पुन्हा समोर आली, की त्या हॅशवर गिट शो चालवलं की कोणत्या दोन ओळी बदलल्या होत्या ते लगेच दिसतं. यासाठी व्हिडिओबरोबर काम करताना दर दुरुस्तीला वेगळा कमिट करावा लागेल. दोन तासांचं काम एकाच कमिटमध्ये कोंबलं तर हे जमणार नाही, आणि मध्येच काही मोडलं तर मोडणारा कमिट हुडकणाऱ्या गिट बायसेक्टलाही शोधायला काही उरणार नाही.

कोरा_टॅब

बाविसाव्या भागापासून सुरू करतो, त्यात फाइल अपलोड आहे. फाइलींची यादी आधी लिहिली: राउट, फॉर्म, डेटाबेसचं मॉडेल. डिफमध्ये या तिन्हीखेरीज एनजिनएक्सची कॉन्फिग फाइलही बदललेली दिसतेय. अपलोडला तिचा काय संबंध?

उलटा_कंस

एनजिनएक्स रिक्वेस्टची बॉडी मुळात १ एमबीपर्यंतच स्वीकारतं. त्याहून मोठी फाइल आली की ४१३ परत देतं आणि रिक्वेस्ट नोडपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे नोडच्या लॉगमध्ये काहीही दिसत नाही, आणि फ्रंटएंड वेगळ्या ओरिजिनवर असेल तर ब्राउझरमध्ये पुन्हा कॉर्सची तीच लाल ओळ दिसेल. आता व्हिडिओत बघा, त्यांना हे कशावरून कळलं.